केलं ते फिरून येतं: इराणी आणि भारतीय लोककथांतली करणी आणि तिचं फळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फारसी कथांमध्ये ‘कर्म’ हा शब्द येतो का?

नाही. फारसी कथेत त्या जागी ‘मुकाफ़ात’ येतो. त्याचा अर्थ परतफेड. पूर्ण शब्दप्रयोग ‘मुकाफ़ात-ए-अमल’ असा आहे, आणि अमल म्हणजे कृती. आपल्या ‘अंमलबजावणी’तला अंमल तो हाच. इराणात तोंडी रुळलेली एक ओळ आहे: ‘गंदुम अज़ गंदुम बिरूयद, जव ज़ि जव’. गव्हातून गहू उगवतो, जवातून जव. आपण ‘पेराल तसं उगवेल’ म्हणतो तेव्हा वेगळं काहीच म्हणत नसतो. तुकोबांच्या ‘शुद्ध बीजापोटीं फळें रसाळ गोमटीं’मध्येही शेत तेच आहे.

शब्द वेगळा असला तरी कथेचा कणा एकच: कृती वाया जात नाही, ती करणाऱ्याचा माग काढत येते. फरक पडतो तो ती कुठे आणि कधी येते यात. या पानावरची बरीचशी उत्तरं त्या फरकाभोवतीच फिरतात, कारण तुलना करणाऱ्यांचं पाऊल बहुतेक वेळा तिथेच घसरतं.

कर्म आणि नशीब एकच ना?

बोलण्यात आपण ते एक करून टाकलंय. दूध उतू गेलं, गाडी चुकली की कपाळाला हात लावून ‘माझं कर्म!’ म्हणतो. तिथे कर्म म्हणजे निव्वळ दैव. ‘कर्मधर्मसंयोगाने’ तर योगायोगाच्या अर्थानेच वापरतो. कथा वाचताना मात्र हे दोन धागे सोडवून घ्यावेच लागतात. करणीच्या कथेत फळाआधी कृती दिसते: कोणी काय केलं, कोणाला लागलं. नशिबाच्या कथेत लेख आधी लिहिलेला असतो आणि माणूस काहीही करो, त्याच्याकडेच सरकतो.

गंमत अशी की नशिबाच्या बाबतीतही दोन्ही भाषांची कल्पना एकच आहे. फारसीत प्रारब्धाला ‘सरनविश्त’ म्हणतात, शब्दशः डोक्यावर लिहिलेलं. आपल्याकडे बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई येऊन कपाळी लेख लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडतात. ‘बख़्त’ आणि ‘भाग्य’ हे शब्दही मुळात भावंडं. दोन्हींत ‘वाटून दिलेला हिस्सा’ हाच अर्थ आहे. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेल्या ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ यांचाही मूळ अर्थ वाटा असाच. म्हणजे नशीब हा मिळालेला वाटा, कर्म हे स्वतः पेरलेलं.

या सगळ्या कथा भारतातूनच इराणला गेल्या का?

काही गेल्या, आणि त्यांचा रस्ता चांगला माहीत आहे. इराणचा सम्राट पहिला खुस्रो अनुशिरवान (कारकीर्द ५३१ ते ५७९) याच्या दरबारातला वैद्य बुर्झोय याने पंचतंत्र आणि महाभारतातल्या काही कथा पहलवी या जुन्या इराणी भाषेत नेल्या. ते पहलवी पुस्तक हरवलं. त्यावरून केलेलं सुरियानी भाषांतर उरलं, आणि इ.स. ७५०च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फा या जन्माने इराणी असलेल्या लेखकाने केलेला अरबी अनुवाद ‘कलीला व दिमना’ (नाव त्यातल्या दोन कोल्ह्यांवरून) जगभर गेला. बाराव्या शतकात गझनीच्या बहरामशाहाच्या काळी नसरुल्ला मुन्शीने तो फारसीत आणला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या काशिफीने त्याला ‘अन्वार-ए-सुहैली’ हे भरजरी रूप दिलं, आणि अकबराच्या सांगण्यावरून अबुल फझलने १५८८मध्ये ‘इयार-ए-दानिश’ म्हणून तो सोपा केला. हजारेक वर्षांचा फेरा घालून गोष्ट घरी परतली. शुकसप्ततीचंही, म्हणजे पोपटाने सांगितलेल्या सत्तर कथांचंही, असंच झालं. बदायूंला राहणाऱ्या नख्शबीने १३३०मध्ये ५२ रात्रींचा ‘तूतीनामा’ रचला. आपल्याकडची शुकबहात्तरी त्याच पोपटाची मराठी पिल्लं.

पण कथा गेल्या म्हणून नीतीही इथूनच गेली, असं म्हणणं चूक आहे. सुविचार, सुवचन, सुकृती (हुमत, हूख्त, ह्वर्श्त) ही झरथुष्ट्री त्रयी बुर्झोयच्या कितीतरी आधीची आहे. वेदातलं ‘ऋत’ (विश्वाचा सत्य नियम) आणि झरथुष्ट्री धर्मग्रंथ अवेस्तातलं ‘अश’ हे एकाच जुन्या शब्दाचे दोन उच्चार. शिवाय ‘खड्डा खणणारा खड्ड्यात’ अशा कल्पना दोन गावांना स्वतंत्रपणेही सुचतात. एखादी समान कथा हाती आली की जुना समान वारसा, पुस्तकी प्रवास आणि स्वतंत्र जन्म या तिन्ही शक्यता ताडून पाहाव्यात.

प्रवासात कथेची नीती बदलली, असं दाखवणारं ठोस उदाहरण आहे का?

आहे, आणि या विषयातलं आमच्या मते सर्वांत मोलाचं आहे: दमनकाचा खटला.

पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री दमनक कोल्हा चहाड्या करून तोडतो. सिंह बैलाला मारतो, मागून हळहळतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि मंत्रिपदावर राहतो. कथा तिथे संपते. ग्रंथ राजनीतीचा आहे. भेद कसा पाडतात हे राजपुत्रांना कळावं एवढाच त्या तंत्राचा हेतू, त्यामुळे दमनकाला शिक्षा करण्याची विष्णुशर्म्याला गरज वाटत नाही.

अरबी पुस्तकात याच्या पुढे एक अख्खं नवं प्रकरण येतं, ते इब्न अल-मुकफ्फाचं मानलं जातं. रात्री कलीला (आपला करटक, दमनकाचा साथीदार कोल्हा) दिमनाला, म्हणजे दमनकाला, त्याच्या पापाबद्दल खडसावत असतो, ते एक बिबट्या ऐकतो आणि सिंहाच्या आईला सांगतो. दिमनाला पकडून न्यायसभेपुढे उभं करतात. तो एवढा हजरजबाबी की कोणालाच पुरून उरतो. कलीला काळजीने खंगून मरतो. शेवटी बिबट्या साक्ष द्यायला उभा राहतो, आणि तुरुंगात दोघांचं बोलणं ऐकलेला दुसरा एक कैदी प्राणीही पुढे येतो. ‘आधी का बोलला नाहीस?’ या प्रश्नाला त्याचं उत्तर असं, की एकट्याच्या साक्षीने निकाल लागत नाही, दुसरा साक्षीदार उभा राहिला म्हणून आलो. दिमना कैदेत भुकेतहानेने मरतो.

दोन साक्षीदारांचा हा तपशील बारकाईने पाहा. करणीचं फळ इथे आपोआप पिकत नाही, न्यायसभा ते पिकवते, तेही पुराव्याच्या नियमांत बसवून. भारतीय मूळ कथा दमनकाला सोडून देते कारण तिचा हिशेब पुढच्या जन्मावर टाकता येतो किंवा त्या ग्रंथात तो मांडायचाच नसतो. नव्या वाचकांना हिशेब याच जन्मात मिटलेला हवा होता. म्हणून ‘भारतीय कथा कर्मवादी आणि फारसी कथा दैववादी’ हे सरधोपट वाक्य इथे पार उलटं पडतं.

कलीला-दिमनात थेट कर्मसिद्धांत सांगणारी कथा कोणती?

सिंहिणीची. ती पंचतंत्रात नाही. शिकारी सिंहिणीचे दोन बछडे मारतो आणि कातडी सोलून नेतो. ती टाहो फोडते. शेजारचा कोल्हा विचारतो: इतकी वर्षं तू काय खाल्लंस? रानातली जनावरं. त्यांना आईबाप होते का? होते. मग त्यांचा आक्रोश मला कधी ऐकू कसा आला नाही? सिंहीण मांस सोडते, फळं खाऊ लागते. मग तिला सांगतात की तुझ्या खाण्यामुळे फळांवर जगणाऱ्यांच्या तोंडचा घास जातोय. तेव्हा ती गवतावर येते. ‘कमा तदीनु तुदान’, जसा व्यवहार कराल तसाच तुमच्याशी होईल, ही अरबी म्हण या कथेचं सार म्हणून सांगतात. पूर्वजन्माचा एक शब्दही न काढता कर्माचं सगळं ओझं पेलणारी याहून चांगली कथा सापडणं कठीण.

पुनर्जन्म मानत नसतील तर हिशेब मिटतो कुठे?

इस्लामी परंपरा पुनर्जन्म (फारसीत ‘तनासुख’) मानत नाही. अल-बीरूनीने १०३०च्या सुमाराच्या आपल्या भारतविषयक ग्रंथात पुनर्जन्म ही हिंदूंची ओळखखूणच म्हटली आहे, मुसलमानांची जशी कलमा तशी. त्यामुळे फारसी कथेत हिशेब एक तर याच आयुष्यात मिटतो, नाही तर मरणोत्तर निवाड्याच्या दिवशी.

त्याआधीच्या झरथुष्ट्री इराणात निवाडा चिन्वत पुलावर होतो. मृत्यूनंतर तीन रात्री आत्मा देहाजवळ थांबतो. चौथ्या दिवशी पहाटे त्याला समोरून एक स्त्री येताना दिसते. पुण्यवानाला ती सुंदर तरुणी दिसते. तो विचारतो, तू कोण? ती म्हणते, मी तुझेच विचार, तुझेच शब्द, तुझीच कृत्यं. पापी माणसाला तीच कुरूप दिसते. मुंबईतल्या पारशी घरांत चौथ्या दिवशीचा ‘चहारम’ विधी होतो, त्यामागे हीच पहाट आहे.

हिशेब किती काटेकोर, ते ‘अर्दा विराफ नामा’ या परलोकाच्या सफरीच्या झरथुष्ट्री ग्रंथात दिसतं. विराफ नरकात एक माणूस पाहतो. त्याचं सगळं अंग किडे-प्राणी कुरतडताहेत, फक्त उजवं पाऊल शाबूत आहे. हा दवानस, जन्मभराचा आळशी. कधी कोणाचं भलं केलं नाही. एकदाच त्याने नांगराला जुंपलेल्या बैलाकडे गवताची पेंढी पायाने ढकलली होती. तेवढं पाऊल वाचलं.

याच्याशेजारी महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातला मुंगूस ठेवा. कुरुक्षेत्रावर दाणे वेचून जगणारं एक ब्राह्मण कुटुंब दुष्काळात मिळालेलं प्रस्थभर सातूचं पीठ अतिथीला देतं. सांडलेल्या पिठात लोळलेल्या मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं होतं, आणि युधिष्ठिराच्या अफाट यज्ञातही उरलेलं अर्धं पिवळं होत नाही. एकीकडे वाचलेलं पाऊल, दुसरीकडे सोन्याची अर्धी कूस. पुण्याचं माप अंगावर, वितीवितीने मोजता येतं, ही दोन्हीकडची जुनी श्रद्धा.

एकाच वस्तूभोवती फिरणारी इराणी आणि मराठी कथा आहे का?

दुधाची आहे.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घराघरांत माहीत आहे. राजाला शंकराचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटली जाते, लोक धाकाने घरातलं सगळं दूध आणून ओततात; वासरं, लेकरं उपाशी. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरची कामं उरकून, मुलांना जेवू घालून, वासरांना पाजून, उरलेलं खुलभर दूध आणते. ती पाठ फिरवते आणि गाभारा भरून येतो. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः पहाऱ्याला बसतो, तिचा हात धरून विचारतो, आणि ती सांगते: तुझ्या आज्ञेने वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले, ते देवाला आवडत नाही.

फिरदौसीच्या शाहनामा या इराणी राजांच्या महाकाव्यात (पूर्ण १०१०च्या सुमारास) राजा बहराम गूर शिकारीतून थकून एका खेड्यातल्या घरी उतरतो. राजा म्हणून कोणी ओळखत नाही. रात्री घरधनीण बोलता बोलता राजाच्या माणसांच्या जुलमाची तक्रार करते. बहरामला राग येतो. तो मनात म्हणतो, थोडे दिवस कडक वागून दाखवतो, म्हणजे यांना न्यायाची किंमत कळेल. सकाळी बाई देवाचं नाव घेऊन दुभत्या गाईजवळ बसते, सडाला हात लावते, तर आचळ कोरडं. ती नवऱ्याला म्हणते, काल रात्री राजाचं मन फिरलं. राजा अन्यायी झाला की दूध आटतं. बहराम ऐकतो, मनोमन पश्चात्ताप करतो. बाई पुन्हा सड चोळते आणि धार लागते.

दोन्ही कथांत राजाचं पाप प्रजेच्या दुधात उतरतं. फरक बघा: मराठी राजाने हुकूम काढलेला आहे, बहरामने नुसता विचार केलाय. सुविचार हे सुकृतीइतकंच वजनाचं मानणाऱ्या परंपरेची ती छाप आहे, असं आमचं वाचन. पाली जातकांतल्या राजोवाद जातकातही (क्र. ३३४) राजा अन्यायी झाला की रानातली फळं कडू होतात. ही कल्पना एकाच राज्याची मालमत्ता नव्हे.

‘नेकी कर, दरिया में डाल’ ही म्हण कुठली?

तिची फारसी बहीण आहे: भलं कर आणि दिजला नदीत टाक, देव ते तुला वाळवंटात परत देईल. दिजला म्हणजे बगदादची तैग्रिस. या म्हणीमागची कथा कैकावुस या इराणी राजाने अकराव्या शतकात लिहिलेल्या ‘काबूसनामा’ या उपदेशपर ग्रंथात आहे.

खलिफा मुतवक्किलने फत्ह नावाच्या मुलाला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. पोहायला शिकताना तो दिजलेच्या ओढीने वाहून जातो आणि पाण्याने काठात कोरलेल्या एका कपारीत अडकतो. सात दिवसांनी जिवंत सापडतो. खलिफा जेवण मागवतो तर मुलगा म्हणतो, पोट भरलेलं आहे. रोज ताटात ठेवलेल्या भाकऱ्या वाहत यायच्या, त्यांवर नावाचा शिक्का असायचा: महंमद बिन हुसैन इस्काफ. त्या माणसाला शोधून आणतात. तो सांगतो, ‘भलं करून पाण्यात टाक, एक दिवस फळ येईल’ हे ऐकलं होतं. करता येण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून रोज भाकऱ्या सोडत होतो. खलिफा त्याला गावं इनाम देतो.

सांगताना एक चूक नेहमी होते: शिक्क्याचा तपशील गाळला जातो. तो गाळला की पुण्य देणाऱ्याकडे परततं कसं, हेच कळत नाही. भाकरी नदीत गेली तरी तिच्यावर करणाऱ्याचं नाव राहतं. कथेचा सगळा जीव त्या शिक्क्यात आहे.

चांगली मुलगी आणि सावत्र बहीण, हा प्रकार दोन्हीकडे आहे ना?

आहे. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तो ४८० क्रमांकाचा प्रकार. इराणी ‘माह-पीशानी’त (कपाळी चंद्र असलेली) मुलगी गाय चारत कापूस कातत असते, वारा कापूस विहिरीत नेतो. खाली उतरते तर तिथे राक्षसीण. मुलगी तिच्याशी अदबीने वागते, घर आवरते. वर येते तेव्हा कपाळी चंद्र आणि हनुवटीवर तारा. सावत्र बहीण जाते, उर्मट बोलते आणि कपाळी साप किंवा विंचू घेऊन परतते. कथेच्या रूपांनुसार हे बदलतं.

दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या १९०७च्या बंगाली संग्रहातल्या सुखू-दुखूतही दुखूचा कापूस वाराच उडवतो! ती मागे धावते, वाटेत गाईचा गोठा झाडते, केळीला वेढलेल्या वेली काढते, चंद्राच्या म्हाताऱ्या आईकडे पोहोचते, सांगितल्याएवढ्याच बुड्या मारते आणि लहानात लहान पेटी उचलते. सुखू सगळ्यांना झिडकारते, एक बुडी जास्त मारते, मोठी पेटी घेते, आणि पेटीतून अजगर निघतो.

यात ‘गोरी म्हणजे चांगली’ असं रूपाचं समीकरण शिरतं. सांगताना भर रूपावर न देता कामांवर द्यावा: गोठा कोणी झाडला, कोण पुढे निघून गेली.

पीडिताने क्षमा केली तर फळ टळतं का?

फारसी कवी निजामीच्या ‘हफ्त पैकर’ या काव्यात (११९७) सात राजकन्या आठवड्याच्या सात दिवशी सात रंगांच्या घुमटांत बहराम गूरला एकेक कथा सांगतात; गुरुवारी चंदनी घुमटात चिनी राजकन्या जी कथा सांगते ती याच प्रश्नाची आहे. खैर आणि शर्र, म्हणजे भला आणि बुरा, वाळवंटातून निघतात. शर्रजवळ लपवलेलं पाणी आहे, खैरजवळ दोन माणकं. तहानेने कासावीस झालेला खैर माणकं देऊ करतो. शर्र डोळे मागतो. डोळे काढतो, माणकं घेतो, पाणी न देता निघून जातो. एका कुर्द धनगराची मुलगी खैरला वाचवते. एका झाडाच्या दोन फांद्या असतात. एकीच्या पानांनी दृष्टी येते, दुसरीच्या पानांनी अपस्मार जातो. खैर त्या पानांनी राजकन्येला बरं करतो आणि पुढे राजा होतो. शर्र पकडून आणला जातो, गयावया करतो, खैर त्याला सोडून देतो. बाहेर पडताच तो कुर्द त्याचं डोकं उडवतो, आणि त्याच्या कमरपट्ट्यातून ती दोन माणकं निघतात.

क्षमेने खैरचं मन मोकळं झालं, शर्रची करणी पुसली गेली नाही. माणकं अंगावरच होती.

सगळं लिहिलेलंच असेल तर करणीला अर्थ काय?

फारसी परंपरेत दोन्ही बाजूंच्या कथा आहेत. सूफी कवी रूमीच्या ‘मसनवी’ या काव्यात एक घाबरलेला माणूस सकाळीच वाऱ्यावर हुकमत असलेल्या सुलेमान राजाकडे येतो: मृत्युदूत माझ्याकडे रोखून पाहत होता, वाऱ्याला सांगून मला हिंदुस्थानात पोचवा. पोचतो. दुसऱ्या दिवशी सुलेमान विचारतो तेव्हा मृत्युदूत म्हणतो, मी रागाने नव्हे, आश्चर्याने पाहत होतो. त्याचा प्राण हिंदुस्थानात घ्यायचा हुकूम होता आणि तो इथे कसा, हे कळेना. ही शुद्ध नियतीची कथा आहे. तिला कर्मकथा म्हणू नये, कारण त्या माणसाने काही केलेलंच नाही. त्याच मसनवीत ‘जग हा डोंगर, आपली कृती ही हाक, तिचा प्रतिध्वनी आपल्याकडेच येतो’ अशीही ओळ आहे.

महाभारताच्या शांतिपर्वातल्या पूजनी चिमणीने या वादाचं फार रोखठोक उत्तर दिलंय. राजपुत्र तिचं पिल्लू मारतो, ती त्याचे डोळे फोडते. राजा ब्रह्मदत्त म्हणतो, फिटंफाट झाली, राहा इथेच. सगळं काळ घडवतो, दोष कोणाचाच नाही. पूजनी विचारते: काळच सगळं करत असेल तर वैर तरी का उरतं? आणि काळच पिकवणार असेल तर वैद्य रोग्याला औषध कशाला देतात? ती उडून जाते. हीच कथा कलीला-दिमनात ‘फन्ज़ा’ पक्ष्याची म्हणून गेली. नावातली पूजनी ऐकू येते अजून.

इराणी लोककथेतला झोपलेलं नशीब जागवायला निघालेला माणूसही इथे आठवावा. वाटेत डोकेदुखीने हैराण सिंह, पीक न येणाऱ्या शेताचा शेतकरी, आणि कारभार न सावरणारा राजा त्याला आपापले प्रश्न देतात. उत्तरं घेऊन तो परततो. राजा खरं तर पुरुषवेषातली स्त्री आहे. ती त्याला लग्नाचं विचारते. शेतात सोनं पुरलेलं निघतं. शेतकरी वाटा देऊ करतो. ‘माझं नशीब जागं झालंय, मला वेळ नाही’ म्हणत तो दोन्ही नाकारतो. सिंहाचं औषध म्हणजे मूर्खाचा मेंदू. सगळी हकीकत ऐकल्यावर सिंहाला वेगळा मूर्ख शोधावा लागत नाही.

म्हणजे दुःख भोगणाऱ्याने पूर्वी काहीतरी केलंच असणार?

हा निष्कर्ष काढायची घाई करू नका. आजारी, गरीब, अपंग माणसाला ‘तुझंच कर्म’ म्हणून गप्प करण्यासाठी हा विचार वापरला गेलाय आणि अजून वापरला जातो. जातीची उतरंड समर्थनीय ठरवण्यासाठीही तो वापरला गेला. लोककथा स्वतः याबाबत जास्त सावध असतात.

अनुशासन पर्वाच्या सुरुवातीला गौतमीचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक व्याध सापाला बांधून आणतो: मारू का? साप म्हणतो, मृत्यूने पाठवलं. मृत्यू म्हणतो, काळाने पाठवलं. काळ म्हणतो, मुलाचं स्वतःचं कर्म. हा निवाडा पुढे करून कोणाला दंड दिला जात नाही. गौतमी सापाला सोडायला लावते. आणि आदिपर्वातला मांडव्य ऋषी तर सुळावर चढवल्याबद्दल धर्माला जाब विचारतो. लहानपणी कीटकांना काड्या टोचल्या होत्या, हे कारण कळल्यावर एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा म्हणून तो धर्मालाच शाप देतो (त्यातून विदुर जन्मतो) आणि नियम घालतो: चौदाव्या वर्षापर्यंतचं पाप धरायचं नाही. कर्माच्या हिशेबावरही अपील करता येतं, असं सांगणारी ही कथा.

दोन कथांची तुलना नेमकी कशी करावी?

आधी प्रत्येक कथा पाच-सहा वाक्यांत, शेरे न मारता लिहून काढा. मग कृती करणारा, ती पाहणारा, फळ देणारा आणि फळ भोगणारा हे चार जण शोधा. ‘पाहणारा’ बरेचजण विसरतात. दमनकाच्या खटल्यात सगळं त्याच्यावरच उभं आहे. त्यानंतर फळ किती वेळाने आलं ते पाहा: त्याच दिवशी, म्हातारपणी, पुलावर की पुढच्या जन्मी. शेवटी, फळ टाळता येत होतं का आणि कशाने (पश्चात्ताप, क्षमा, शाप) ते तपासा. बहरामचं दूध परत येतं, शर्रचं डोकं परत येत नाही.

कृती करणारा कोणीच सापडला नाही तर ती नियतीची कथा आहे, तुलनेतून बाजूला काढा. आणि एका कथेचं एकच रूप वाचून निष्कर्ष काढू नका. निदान दोन रूपं पाहा, कारण शेवट हाच भाग सांगणारे सर्वांत आधी बदलतात.

फारसी शब्दांना मराठीत काय वापरावं?

मुकाफ़ातला ‘केल्याचं फळ’ किंवा ‘परतफेड’. सरसकट ‘कर्म’ लिहिलं की वाचक पूर्वजन्म गृहीत धरतो. सरनविश्तला ‘भाळीचा लेख’, क़ज़ाला ‘ईश्वरी निवाडा’, सवाबला पुण्य, गुनाहला पाप चालतं. बख़्त कथेत माणसासारखा झोपतो-उठतो, तिथे ‘दैव’ म्हणून त्याला पात्रच करावं. उलट दिशेने जाताना संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण (साठलेलं, भोगायला आलेलं आणि आत्ता घडत असलेलं कर्म) या तिघांना फारसीत एकेका शब्दात बसवायचा प्रयत्न सोडा, वाक्यात उलगडून सांगा.

मुलांना या कथा सांगायच्या तर?

एका बैठकीत दोनच कथा, पाऊण तासाच्या आत. दुधाच्या दोन कथांची जोडी सुरुवातीला उत्तम. आचळ कोरडं पडतं तिथे थांबा आणि ‘का आटलं असेल?’ विचारा. मुलं आधी म्हणतील, गाय आजारी असेल, चारा मिळाला नसेल. ती उत्तरं खोडू नका, मग बाईचं वाक्य सांगा. कथा संपल्यावर तात्पर्य विचारलं की मुलं शाळेतलं ठरलेलं वाक्य म्हणतात. त्याऐवजी ‘म्हातारी येण्याआधी कोण कोण उपाशी होतं?’ असा बारीक प्रश्न विचारा. दवानस आणि शर्र यांच्या कथा दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी ठेवा.

सुरुवात-शेवटाची सूत्रं गाळू नका. आपली कथा आटपाट नगरातून निघते आणि साठा उत्तरांची पाचा उत्तरी सुफळ होते. इराणी कथा ‘यकी बूद, यकी नबूद’, एक होता, एक नव्हता, अशी उघडते आणि ‘आमची गोष्ट संपली, कावळा काही घरी पोचला नाही’ म्हणून मिटते. मुलं हमखास विचारतात, कावळा का नाही पोचला? त्याला ठरलेलं उत्तर नाही. त्यांनाच पुढची गोष्ट रचू द्या.